उचल, खाडा आणि हक्क

बीडची गरिबी म्हणजे दुष्काळ, असं पुण्या-मुंबईत बसून सहज म्हटलं जातं. पाऊस कमी पडतो हे खरंच. पण इथली कुटुंबं ज्या ऊसतोडीवर जगतात तिचा दर पाऊस ठरवत नाही, तो साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात ठरतो.

दुसरा समज जास्त घातक आहे: ‘उचल मजुरांनी स्वखुशीनं घेतली, मग फेडायला नको?’ नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न, दवाखाना, जुनी देणी यांसाठी हंगामाआधीच मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतली जाते आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. उचलीपोटी माणसाला दुसरीकडे कामाला जायची मुभा उरत नसेल, तर 1976 च्या कायद्यानुसार ती वेठबिगारी ठरते आणि असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. 1982 मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढची गोष्ट सांगितली. भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावं लागणं हीसुद्धा सक्तीच, राज्यघटनेच्या कलम 23 चा भंग. स्वखुशीचा मुद्दा तिथंच निकालात निघाला होता.

आणि ऊसतोड बायकांची गर्भाशयं? ‘अडाणी बायका, डॉक्टरनं सांगितलं म्हणून काढून टाकतात.’ 2019 मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आकडे आले: जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं. म्हणजे सहांत एक. फडात संडास नाही, कोपीत न्हाणीघर नाही, पाळीतही मोळ्या वाहायच्या. अंगावर काढलेलं दुखणं वाढतं, खाजगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याला दंड. हा हिशेब बाईला चांगला कळतो. अडाणीपणा म्हणायचाच तर तो तिचा नाही. कागदावर ती असते अर्धा कोयता. तिची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, मग बाळंतपणाची भरपगारी रजा कुणी द्यायची?

कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं भरायची, हे मात्र 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानंच लिहून ठेवलं होतं.