हिरा निवडण्याआधी हात बघा

किनवटच्या सराफाकडे लग्न ठरलेली मुलगी आली की हल्ली आधी मोबाइल पुढे करते. त्यात अंगठीचा फोटो असतो. लांबट, लखलखणारा एकच हिरा आणि खाली तारेइतकं बारीक सोनं. सोबतची आई विचारते, सोनं किती ग्रॅम बसेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दुकानदार बहुतेक वेळा कॅटलॉग सरकवतो, नांदेडहून किंवा हैदराबादहून मागवून देतो म्हणतो, आणि आकाराचा निर्णय फोटोवरच होऊन जातो. रोज बोटात राहणारी, घरातल्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईची वस्तू अशी घेतली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या भागात साखरपुड्याला हिरा ही तशी नवी गोष्ट. कुंकू लावणं, सुपारी फुटणं, साडी, आणि जमलं तर सोन्याची साधी अंगठी एवढ्यात कार्य पार पडायचं. तांड्यांवर आणि गोंड-कोलामांच्या गुड्यांवर तर चांदीचाच मान मोठा. आता मुलं पुण्या-हैदराबादला नोकरीला आहेत, मुली स्वतः कमावतात, आणि अंगठी दोघं मिळून ठरवतात. हे चांगलंच आहे. मात्र सोनं पारखायला आपल्या आयाबायांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, तसा हिऱ्याचा नाही. म्हणून आकाराबद्दल नीट बोलायला हवं. भाव किती, खडा केवढा दिसणार, त्यातले दोष डोळ्यांना दिसणार की लपणार आणि तो हातात किती टिकणार, या चारही गोष्टी आकारावर ठरतात.

सुरुवात कच्च्या हिऱ्यापासून करू. चांगला स्फटिक जमिनीतून निघतो तेव्हा पुष्कळदा आठ बाजूंचा असतो. दोन चौरस पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसा. आपल्याकडच्या जुन्या रत्नशास्त्रात सहा टोकं, आठ बाजू आणि बारा धारा असलेला हिरा उत्तम मानला आहे, म्हणजे निसर्गाने दिलेला आकारच तेव्हा आदर्श होता. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीवर आला. त्यानेही लिहून ठेवलंय की भारतातले कारागीर निर्दोष खड्याला फारसं घासत नाहीत, वजन घटू देत नाहीत. डाग किंवा चीर असली तरच ती झाकायला पैलू पाडतात. हिऱ्यांचा इतिहास आपल्यापासून फार दूरचाही नाही. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आजच्या गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे, आणि त्याच सुभ्यात आपलं माहूरही होतं. पुढे १९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं इथे भेटतात ती त्यामुळे.

युरोपात मात्र वजनापेक्षा चमक मोठी ठरली. हिऱ्यात शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून परत वरच्या बाजूने बाहेर यावा, तळातून निसटून जाऊ नये, यासाठी कोन नेमके हवेत. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की या तरुण अभियंत्याने गोल हिऱ्याचे हे कोन गणिताने मांडले. आज दुकानात ‘राउंड ब्रिलियंट’ म्हणून मिळणारा ५७ किंवा ५८ पैलूंचा गोल हिरा त्याच वाटेने आला. चमकेत त्याच्या तोडीचा दुसरा आकार नाही. पण ही चमक फुकट मिळत नाही. चौकोनी पायाच्या स्फटिकातून गोल काढायचा तर कोपरे जातात आणि कच्च्या खड्याचा निम्म्याहून जास्त भाग अनेकदा भुकटी होतो. प्रिन्सेस हा चौकोनी आकार त्याच स्फटिकात नीट बसतो, तिथे घट बरीच कमी होते. म्हणूनच एकाच वजनाचा, एकाच प्रतीचा गोल हिरा महाग आणि चौकोनी स्वस्त मिळतो. त्यात मागणीही गोल हिऱ्यालाच सगळ्यात जास्त. दुकानदार ‘राउंडचा रेट वेगळा’ म्हणतो त्यामागे हे गणित असतं, फसवणूक नसते.

आकारासाठी किती हिरा खर्ची पडतो, याचं सगळ्यात मोठं मराठी उदाहरण त्र्यंबकेश्वरचं आहे. गोवळकोंड्याच्या बाजूचा एक मोठा हिरा तिथल्या देवाचा होता असं मानलं जातं. पेशवाईच्या शेवटी तो दुसऱ्या बाजीरावाकडे होता आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. जगात त्याला नाशिकचा हिरा म्हणूनच ओळखतात. लंडनमध्ये रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले, पण भारतीय कारागिराने दिलेला तिकोनी घाट मोडला नाही, वजनही थोडंच घटवलं. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला आणि पुढे तलवारीच्या मुठीत जडवला. नंतर १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेतला आणि सुमारे ८० कॅरेटचा तो हिरा कापून ४३.३८ कॅरेटचा एमराल्ड कट केला. लांबट चौकोन, कोपरे छाटलेले, पायऱ्यांसारखे सरळ पैलू. जवळजवळ निम्मा हिरा त्या आकारापायी गेला. आज तो डोळ्यांना सुरेख दिसतो हे खरं. तरीही भारतीय कारागिराने दिलेला तो घाट कायमचा गेला, ही हळहळ मला वाटते. कोहिनूरचंही १८५२ मध्ये असंच झालं. १९१ कॅरेटचा तो १०५.६ वर आला.

आपल्या बोटातला हिरा ३० किंवा ५० सेंटचा असतो. शंभर सेंटचा एक कॅरेट, आणि कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा खड्यात आकाराचा फरक डोळ्यांना चांगलाच जाणवतो. ५० सेंटचा गोल हिरा साधारण पाच मिलिमीटर रुंद असतो. त्याच वजनाचा ओव्हल जवळपास सहा मिलिमीटर लांब भरतो, आणि मार्कीज, म्हणजे दोन्हीकडे टोक असलेला डोळ्याच्या आकाराचा हिरा, आठपर्यंत जातो. प्रिन्सेस मात्र वरून साडेचार मिलिमीटरच्या आसपासच दिसतो, कारण त्याचं वजन खोलीत दडलेलं असतं. थोड्या पैशांत खडा मोठा दिसावा आणि बोटं लांबसडक वाटावीत, असं वाटत असेल तर लांबट आकार उपयोगी.

पण लांबट आकारात एक खोट असते आणि ती फोटोत दिसत नाही. ओव्हल, मार्कीज आणि थेंबासारखा पेअर, या तिन्हींच्या मधोमध पुष्कळदा एक काळसर पट्टा दिसतो, फुलपाखराच्या पंखांसारखा. बघणाऱ्याच्या डोक्याचीच सावली त्या पैलूंत पडते. हलका पट्टा चालतो, गडद असेल तर खडा मेल्यासारखा दिसतो. गोल हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर कटची श्रेणी छापलेली असते. या आकारांच्या कागदावर ती बऱ्याचदा नसते. त्यामुळे इथे कागदावर नव्हे, डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली कुठलाही हिरा नाचतो. अंगठी घेऊन दाराशी यावं, सावलीत उभं राहावं, बोट हळूहळू फिरवावं. पट्टा तिथे कळतो. चांगला सराफ याला कधी ना म्हणत नाही.

एमराल्ड कटचं वेगळं. त्याचे पैलू मोठे आणि सरळ असल्याने आतलं सगळं उघडं पडतं. गोल हिऱ्यात एखादा बारीक डाग चमकेत हरवून जातो, इथे तो खिडकीतून दिसावा तसा दिसतो. म्हणून हा आकार घ्यायचा तर शुद्धता वरची हवी आणि रंगातली पिवळसर झाकही कमी हवी. बजेट ताणलेलं असेल तर हा आकार सोडलेला बरा. बदामाच्या आकाराच्या, म्हणजे हार्टच्या वाटेला तर ३० सेंटमध्ये जाऊच नये. एवढ्या लहान खड्यात बदाम ओळखूही येत नाही.

आता हाताकडे येऊ. इथल्या एका दुकानात पाहिलेली गोष्ट सांगतो. शाळेत शिकवणारी मुलगी, घरची शेती, वेचणीच्या दिवसांत रविवारी शेतात जाणारी. तिला चार नख्यांत उभा बसवलेला प्रिन्सेस आवडला होता. म्हाताऱ्या सराफाने गादीच्या शिवणीतून कापसाचा पेळू काढला आणि अंगठीवरून अलगद ओढला. दोन कोपऱ्यांवर धागे अडकून राहिले.

“ताई, हे बघा,” तो म्हणाला. “इथं कापूस अडकतोय म्हणजे ओढणीबी अडकणार, साडीचा पदरबी अडकणार.”

मुलीची आई म्हणाली, “मग काढून ठेवायची असंल तर घ्यायची तरी कशाला, दादा?”

“काढायचं काम न्हाई. खडा कोंदणात बसवू, खाली घेऊ. दिवसभर घालून फिरा.”

मुलीने शेवटी बंद कोंदणातला ओव्हल घेतला.

त्या सराफाने केलेली परीक्षा कुठल्याही कारागिराला ठाऊक असते आणि कुणीही घरी करून पाहू शकतं. अडकणाऱ्या कोपऱ्यांचा दुसरा धोका असा की हिरा सगळ्यात कठीण असला तरी न फुटणारा नाही. स्फटिकाच्या ठरावीक दिशांनी घाव बसला तर तो चिरतो, आणि टोकदार कोपरा हीच त्याची सगळ्यात नाजूक जागा. प्रिन्सेसचे चार कोपरे, मार्कीजची दोन टोकं, पेअरचं एक. हे आकार हवेच असतील तर त्या टोकांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी सोन्याची पकड करून घ्यावी. हापशाची दांडी, बसचा लोखंडी बार, उखळ-पाटा, शाळेचं लोखंडी कपाट, हे सगळं आपल्या हाताला रोज लागतं. गोल आणि ओव्हलला टोकच नाही, त्यामुळे ते निभावतात. कुशन म्हणजे गोलसर कोपऱ्यांचा चौकोनही बरा.

दुसरी गोष्ट पिठाची आणि तेलाची. हिऱ्याला पाणी चिकटत नाही, तेल-तूप मात्र लगेच चिकटतं. दक्षिण आफ्रिकेच्या किंबर्लीतल्या खाणींत याच गुणाचा उपयोग करत. खडी-पाण्याचा लोंढा ग्रीस लावलेल्या तक्त्यावरून सोडायचे, हिरे तेवढे ग्रीसला चिकटायचे. आपल्या स्वयंपाकघरात हेच घडतं. भाकरीचं पीठ, फोडणीचं तेल, केसांचं तेल हिऱ्याच्या पोटाशी साचतं आणि चमक जाते. मग लोक म्हणतात, हिरा फिका पडला. हिरा फिका पडत नाही. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने तो पुन्हा उजळतो. बंद कोंदणाच्या मागच्या बाजूला भोक ठेवायला सांगावं, म्हणजे पाणी आतपर्यंत पोचतं.

एकच खडा हवा हा हट्ट मोबाइलमधून आला आहे. त्यापुढे आपली कानातली कुडी मला जास्त शहाणी वाटते. सारख्या आकाराच्या सहा गोलांच्या मधोमध तेवढाच सातवा गोल अगदी नेमका बसतो. कुडीचं ते फूल याच हिशेबावर उभं आहे. १० सेंटचा गोल हिरा तीन मिलिमीटरचा. असे सात बसवले की नऊ मिलिमीटरचं फूल होतं. एकच ७० सेंटचा हिरा पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याला पैसे कितीतरी जास्त मोजावे लागतात, कारण खडा मोठा झाला की कॅरेटमागचा भावही चढत जातो. सात खड्यांच्या अंगठीत खाचा जास्त, त्यामुळे घासणं जास्त, एवढं मात्र लक्षात ठेवावं. साखरपुड्याला कुडीच्या घाटाची अंगठी कुणी घेतली तर मला फार आनंद होईल.

प्रयोगशाळेत तयार केलेला हिराही आता सगळ्या आकारांत मिळतो. तो हिराच असतो, काच नव्हे, आणि खाणीतल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. त्याची किंमत गेल्या काही वर्षांत सतत उतरली आहे. घ्यायला हरकत नाही, पण तो तसा आहे हे बिलावर आणि प्रमाणपत्रावर लिहून घ्या. आणि एमराल्ड कटची हौस असेल, तर शुद्ध खडा परवडण्याचा हाच मार्ग.

शेवटचा भाग आईच्या प्रश्नाचा. हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेट सोन्यात असते, ७५० शिक्क्याची, कारण २२ कॅरेटच्या मऊ नख्या वाकतात आणि खडा पडतो. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण तो शिक्का फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही. हिऱ्याचा कागद वेगळा. बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्याचं वजन वेगवेगळं लिहिलेलं हवं, नाहीतर खडाही सोन्याच्या भावात तोलला जातो. आणि हे स्पष्टच सांगायला हवं की अडीनडीला सोनं मोडता येतं, हिरा मोडताना घेतलेली किंमत परत येत नाही. म्हणून बचतीचे पैसे सोन्यात ठेवावेत, हिऱ्यासाठी फक्त हौसेचे काढावेत. दुकानातून निघण्याआधी परतीचे नियम लेखी घ्यावेत, बोटाचं माप संध्याकाळी द्यावं, कारण सकाळी बोट बारीक असतं, आणि दरवर्षी वेचणी संपली की एकदा सराफाकडे जाऊन नख्या किंवा कोंदण घट्ट आहे का, ते पाहून घ्यावं.