सवलतीतला गेम आणि भाड्याचा गेम

व्हिडिओ गेम बनवायला चार-पाच वर्षं लागतात आणि मोठ्या गेमवर शेकडो कोटी रुपये खर्च होतात. पण एकदा तो तयार झाला की त्याची पुढची प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. कापड किंवा तांदूळ विकणाऱ्याला खरेदीच्या भावाखाली जाता येत नाही. गेम विकणाऱ्यावर तसं बंधन नसतं. म्हणून पहिल्या दिवशी चार-पाच हजारांना असलेला गेम काही वर्षांनी चार-पाचशे रुपयांत दिसतो. त्यात गिऱ्हाइकावर उपकार नसतो आणि फसवणूकही नसते. ज्याला आजच खेळायचं आहे त्याच्याकडून पूर्ण किंमत घ्यायची आणि थांबायला तयार असलेल्याला तोच गेम नंतर कमी भावात द्यायचा, असा हा हिशेब आहे. सेलच्या दिवसांत मात्र सगळी नजर सवलतीच्या टक्क्यांवर खिळते. किती टक्के कमी झाले, यापेक्षा एवढ्या पैशांत हाती काय लागतं आणि ते किती काळ हाती राहतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. क्लाउड गेमिंगचं मोल ठरवायलाही हीच कसोटी उपयोगी पडते.

आधी सेलची बाजू पाहू. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २००३ साली सुरू केलेलं स्टीम हे आज कॉम्प्युटरवरच्या गेमचं सर्वांत मोठं दुकान आहे. २०१५पासून तिथे रुपयांत किमती दिसू लागल्या. अनेक गेम भारतात डॉलरच्या थेट हिशेबापेक्षा स्वस्त मिळतात, कारण विक्रेत्याला प्रत्येक देशासाठी वेगळा भाव ठेवता येतो. त्याच वर्षी स्टीमने परताव्याचा नियम आणला. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, कारण काहीही असलं तरी पैसे परत मिळतात. २०१८च्या डिसेंबरात आलेल्या एपिक गेम्स स्टोअरने आणखी पुढे जाऊन दर आठवड्याला गेम फुकट द्यायला सुरुवात केली. २०२०च्या मे महिन्यात त्यांनी 'जीटीए ५' फुकट दिला, तेव्हा झुंबड उडून त्यांची साइटच काही तास कोलमडली. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बहुतेक पोरांनी पायरेटेड सीडीवरच गेम पाहिले. आज त्याच वयाची मुलं रीतसर पैसे मोजून गेम घेतात. या बदलाचं बरंचसं श्रेय सवलतींना आणि रुपयातल्या भावांना द्यावं लागेल.

छोट्या निर्मात्यांनाही सेलचा आधार असतो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' २०२०मध्ये आला. असा गेम पहिल्या महिन्यात जगभरच्या बड्या गेमच्या गर्दीत दबून जाऊ शकतो, पण पुढच्या प्रत्येक सेलमध्ये तो नव्या गिऱ्हाइकांसमोर येतो. 'फॅक्टोरिओ' बनवणाऱ्या चेक प्रजासत्ताकातल्या वूब सॉफ्टवेअरने मात्र उलटी वाट धरली. त्यांनी सूट कधीच द्यायची नाही असं ठरवलं, आणि २०२३च्या जानेवारीत महागाईचं कारण देऊन किंमत ३० डॉलरवरून ३५ डॉलर केली. आज घेणाऱ्याला उद्या पश्चात्ताप होऊ नये, हा त्यामागचा विचार मला प्रामाणिक वाटतो. सगळ्या निर्मात्यांना तो परवडणार नाही, हेही खरं. याच कंपनीने स्वस्ताईची दुसरी बाजूही उघडी पाडली. जी२ए या ऑनलाइन बाजारात तिच्या गेमच्या चोरीच्या १९८ 'की', म्हणजे गेम चालू करायचे कोड, विकल्या गेल्या होत्या आणि २०२०मध्ये जी२एला त्यापोटी सुमारे ४० हजार डॉलर भरावे लागले. अधिकृत दुकानाच्या सेलपेक्षाही स्वस्त 'की' दिसली तर ती कुठून आली असेल, हे म्हणूनच आधी विचारावं.

सूट खरी आहे की दाखवण्यापुरती, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? पॅकबंद मालावर आपल्याकडे एमआरपी छापावी लागते. डाउनलोड करायच्या गेमवर तसा छापील भाव नसतो, त्यामुळे '७५ टक्के सूट' म्हणजे नक्की कोणत्या आकड्यावर, हे दुकानच ठरवतं. युरोपीय संघाने २०२२पासून नियम केला की सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगायची. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या नोव्हेंबरात ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी आणली. खोटी घाई करायला लावणं आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं या दोन्ही त्यात आहेत. हे पाऊल चांगलं आहे, पण आधीचा भाव सांगण्याची सक्ती त्यात नाही. तशी सक्ती येईपर्यंत भावांचा इतिहास जपणाऱ्या स्टीमडीबीसारख्या साइटवर गेमचं नाव टाकून पाहणं, हाच खात्रीचा मार्ग आहे.

पण भाव खरा निघाला, तरी घेतलेली वस्तू आपली होते का? डिस्कवरचा गेम खेळून झाला की मित्राला देता येतो किंवा सेकंडहँड विकता येतो. डाउनलोड केलेल्या गेमचं तसं नाही. तिथे आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना. तो पुन्हा विकता यावा म्हणून फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हवर खटला भरला. २०१९मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२मध्ये अपिलात तो फिरला. परवाना किती तकलादू असू शकतो, हे युबीसॉफ्टच्या 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या गेमने दाखवून दिलं. २०१४मध्ये आलेला हा गेम एकट्यानेही खेळता यायचा, पण त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागायची. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि दहा वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो घेतला होता, त्यांच्या हाती काहीही उरलं नाही. पूर्ण भावात घेणारा आणि सेलमध्ये घेणारा, दोघांचीही गत एकच झाली.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की दहा वर्षांपूर्वीचा गेम खेळतंच कोण, आणि त्यासाठी कंपनीने जन्मभर सर्व्हर चालवायचे का? पहिल्या भागाचं उत्तर सेलमध्येच आहे. जुने गेम विकले जातात म्हणून तर सेल भरतात. शिवाय प्रश्न एकट्यादुकट्याच्या हौसेपुरता नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३मधल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. एका आख्ख्या कलाप्रकाराचा वारसा असा हातचा जातो आहे. दुसऱ्या भागाबद्दल सांगायचं तर जन्मभर सर्व्हर चालवा, असं कुणी म्हणतच नाही. रॉस स्कॉट यांनी २०२४मध्ये सुरू केलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेची मागणी एवढीच आहे, की सर्व्हर बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. युरोपातल्या त्यांच्या नागरिक-याचिकेने २०२५च्या जुलैत १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आणि हे अशक्य नाही, याची कबुली खुद्द युबीसॉफ्टनेच दिली. 'द क्रू २'ला ऑफलाइन खेळण्याची सोय देऊ, असं या गदारोळानंतर कंपनीने जाहीर केलं.

आता क्लाउड गेमिंगकडे वळू. इथे गेम आपल्या यंत्रावर नसतोच. दूरच्या डेटा सेंटरमधला ताकदवान कॉम्प्युटर तो चालवतो, त्याचं चित्र व्हिडिओच्या रूपात आपल्या पडद्यावर येतं आणि आपण दाबलेल्या बटणाची खबर उलट तिकडे जाते. फायदा मोठा आहे आणि तो मनापासून मान्य केला पाहिजे. २०२१च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर त्याहून महाग पडतो. महिन्याच्या वर्गणीत तेच गेम साध्या लॅपटॉपवर, टीव्हीवर किंवा फोनवर चालत असतील, तर ज्या घरात अशा खर्चाचा विचारही होत नाही तिथल्या मुलासाठी हे दार उघडणं आहे. शंभर जीबीचा गेम डाउनलोड करायला नको, अपडेटची वाट पाहायला नको, डिस्कवर जागा उरली का याची चिंता नको.

अडचणी भौतिकशास्त्रापासून सुरू होतात. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे सर्व्हर सिंगापूरला असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात सुमारे ४० मिलिसेकंद गेले. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, तेव्हा दोनाहून अधिक चित्रांची उशिराची भर इथेच पडली. चित्र तयार करणं, त्याचा व्हिडिओ बांधणं आणि उलगडणं हा वेळ वेगळाच. बुद्धिबळासारख्या आळीपाळीच्या खेळात हे जाणवणार नाही, पण क्रिकेटच्या गेममध्ये यॉर्कर बॅटखालून निघून जाईल. या बाबतीत महाराष्ट्राचं नशीब बरं आहे. देशातल्या डेटा सेंटरचं मोठं केंद्र नवी मुंबई आहे, ॲमेझॉनची क्लाउड डेटा सेंटर मुंबईत आणि मायक्रोसॉफ्टची पुण्यात आहेत. नागपूरहून मुंबईला जाऊन यायला प्रकाशाला जेमतेम ७ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे इथे खरी गोची होते ती घराच्या शेवटच्या टप्प्यात. वाय-फायचा राउटर दोन खोल्या पलीकडे असतो, संध्याकाळी सगळी सोसायटी एकाच वेळी व्हिडिओ पाहते आणि वेग क्षणोक्षणी हेलकावे खातो. सरासरी वेग उत्तम असूनही लॅग जाणवतो, तो या हेलकाव्यांमुळे.

डेटाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ सेवेला फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिटचा वेग लागतो. म्हणजे तासाला सुमारे ११ जीबी. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हा खेळ अकरा मिनिटंही चालणार नाही. घरी फायबर असेल तर प्रश्न बराच सुटतो, कारण महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असलेल्या जोडणीवर जवळपास २९० तास खेळता येतं. थोडक्यात, महागडं यंत्र ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी ही सोय, असं आपण म्हणतो, पण तिला जे लागतं ते पक्कं फायबर अनेकदा त्याच घरात नसतं. धुळ्याच्या किंवा गडचिरोलीच्या खेड्यातल्या मुलाला सेलमध्ये घेतलेला, एकदा डाउनलोड करून ठेवलेला जुना गेम क्लाउडपेक्षा जास्त साथ देईल.

आणि मग पुन्हा तोच प्रश्न, हातात काय राहतं? क्लाउडचा इतिहास या बाबतीत फारसा दिलासा देत नाही. २०१०मध्ये सुरू झालेली ऑनलाइव्ह ही सेवा ३० एप्रिल २०१५ला बंद पडली, तिची पेटंट सोनीकडे गेली आणि तिच्यावर विकत घेतलेले गेम सर्व्हरबरोबर संपले. गुगलचं स्टेडिया २०१९च्या नोव्हेंबरात १४ देशांत आलं आणि १८ जानेवारी २०२३ला बंद झालं. भारतात ते पोचलंच नाही. स्टेडियाची चूक तंत्रज्ञानात नव्हती, ते उत्तम चालत असे. चूक होती गेम पूर्ण भावात विकण्यात आणि ते फक्त स्वतःच्याच सर्व्हरवर चालवण्यात. गुगलने गेमचे आणि आपल्या दुकानातून विकलेल्या कंट्रोलरचे पैसे परत केले, तेव्हा नुकसान कुठे झालं, असं कुणी विचारेल. ते परत केले ते गुगलपाशी पैसा होता आणि तशी इच्छा होती म्हणून. तशी सक्ती करणारा कायदा नव्हता, आणि गिऱ्हाइकाचा हक्क कंपनीच्या मर्जीवर सोडता येत नाही.

वर्गणीने गेम खेळण्याला माझा विरोध नाही. वाचनालयात आपण वर्गणी भरतो, पुस्तकं वाचून परत करतो आणि ती आपली नाहीत म्हणून तक्रार करत नाही. क्लाउडनेही तसंच असावं. वर्गणी घ्या, हवे तेवढे गेम चाळू द्या, आवडला तर तो सेलमध्ये डाउनलोड करून घ्यायला मोकळीक द्या. फक्त वर्गणीचा आकडा आपल्या हातात नसतो, हे विसरू नये. मायक्रोसॉफ्टने २०२५च्या ऑक्टोबरात गेम पास अल्टिमेट या आपल्या सेवेची अमेरिकेतली महिन्याची वर्गणी २० डॉलरवरून एकदम ३० डॉलरवर नेली. एनव्हिडियाने त्याच वर्षी नव्या सदस्यांना महिन्याला १०० तासांची मर्यादा घातली. सिनेमा-मालिकांचंही असंच असतं, असं म्हणून हे झटकता येणार नाही. सिनेमा दोन-अडीच तासांत पाहून होतो. गेममध्ये माणूस दोनशे तास घालून आपलं काहीतरी उभं करतो, आणि सेवा बंद झाली की ते सेव्हही जाऊ शकतं.

क्लाउड गेमिंग आपल्याकडे आता खरोखर येऊन पोचलं आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सची क्लाउड सेवा २०२५च्या नोव्हेंबरात भारतात सुरू केली. नियम करायची वेळ म्हणून हीच आहे. २०२५च्या ऑगस्टमधल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, विकत घेतलेल्या गेमचं पुढे काय होतं यावर नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून दुकानाला विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगावं लागतं, की मिळतो आहे तो परवाना. कायमचा ऑफलाइन वापर देणाऱ्यांना या अटीतून वगळलं आहे. गॉगसारखी दुकानं तसा वापर आधीपासूनच देतात, म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने यात अशक्य काही नाही. आपल्या प्राधिकरणाने एवढं तरी करावं, आणि त्यात गेम किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे खरेदीआधी सांगण्याची अट घालावी.

तोवर वाचकांनी एक करावं. सेलमध्ये गेम घेतलात की तो डाउनलोड करून एकदा सुरू करा, मग वाय-फाय बंद करा आणि स्टीमच्या ऑफलाइन मोडमध्ये तो चालतो का ते पाहा. एकट्याने खेळायचा गेम असूनही तो इंटरनेटवाचून अडला, तर परताव्याचे १४ दिवस आणि २ तास तुमच्या हाती आहेत.