अर्धा, पण कशाचा?

हापूसची चार डझनांची पेटी घरी आली. पहिल्या दिवशी पाव पेटी संपली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या आंब्यांचा तिसरा हिस्सा गेला. तिसऱ्या दिवशी जे उरले होते, त्यातले निम्मे गेले. आता सांगा, सगळ्यात जास्त आंबे कोणत्या दिवशी खाल्ले गेले?

१/४, मग १/३, मग १/२. आकडे तर चढतच गेलेत, तेव्हा उत्तर तिसरा दिवस, असं वाटतं ना? मग मोजूनच पाहू. ४८ चा पाव म्हणजे १२. उरले ३६. त्यांचा तिसरा हिस्सा १२. उरले २४. त्यांचे निम्मे, पुन्हा १२! तिन्ही दिवशी बरोबर डझनभरच आंबे संपले आणि पेटीत उरले तेही डझनभरच.

किती विलक्षण आहे हे! पाव, तिसरा हिस्सा आणि निम्मे हे तीन वेगळे अपूर्णांक, पण आंबे तेवढेच. असं झालं कसं? अपूर्णांक दर दिवशी मोठा होत होता आणि तो ज्याचा काढायचा, तो ढीग दर दिवशी लहान होत होता. दोन्ही बदलांनी एकमेकांना नेमकं तोलून धरलं. अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांची सगळी गंमत इथे आहे. ‘अर्धा’ एवढंच ऐकून काहीच कळत नाही. ‘कशाचा अर्धा?’ हे विचारलं, की गणित बोलू लागतं.

हा प्रश्न नीट विचारला तर केवढी मोठी गुंतागुंत उलगडते, हे पाहायला ११५० सालात जाऊ. भास्कराचार्यांनी त्या वर्षी रचलेल्या ग्रंथातला ‘लीलावती’ हा भाग म्हणजे रोजच्या जगण्यातल्या गणितांची खाणच. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला होता, आणि त्याची हकिकत सांगणारा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

‘लीलावती’त एक कंजूष भेटतो. त्याच्यापुढे एका याचकाने हात पसरलाय. कंजूष त्याला काय देतो? एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा पाव भाग! त्या काळी १६ पणांचा एक द्रम्म, ४ काकिणींचा एक पण आणि २० कवड्यांची एक काकिणी. तर याचकाच्या हातात किती कवड्या पडल्या?

वाचूनच दम लागतो. पण घाबरू नका, प्रत्येक पायरीवर ‘कशाचा?’ एवढंच विचारा. अर्ध्याचे तीन समान तुकडे केले आणि दोन उचलले, म्हणजे द्रम्माचा तिसरा हिस्सा. त्याचे चार तुकडे करून तीन घेतले, की उरला पाव. पावाचा पाचवा भाग म्हणजे विसावा. विसाव्याचा सोळावा म्हणजे तीनशेविसावा. आणि त्याचा पाव? एक हजार दोनशे ऐंशीवा. आता द्रम्माच्या कवड्या मोजा: १६ गुणिले ४ गुणिले २०, म्हणजे १२८०. याचकाला मिळाली फक्त एक कवडी!

सहा अपूर्णांकांची एवढी लांबलचक माळ, आणि तिच्या टोकाला एकच कवडी. या माळेतले पहिले तीन आकडे पुन्हा पाहा: १/२, २/३, ३/४. ओळखीचे वाटतात का? आपल्या आंब्यांच्या पेटीत रोज उरत होतं तेही हेच: तीन चतुर्थांश, मग त्याचे दोन तृतीयांश, मग त्याचे निम्मे. क्रम उलटा, पण दोन्हीकडे उत्तर पावच. भागाचा भाग काढणं म्हणजे गुणाकार, आणि गुणाकाराला क्रमाशी देणंघेणं नसतं. दुकानदाराने आधी पाव सूट दिली आणि उरलेल्या किमतीवर तिसऱ्या हिश्शाची दिली काय, किंवा आधी तिसऱ्या हिश्शाची आणि मग पाव दिली काय, तुम्ही शेवटी निम्मेच पैसे मोजता.

आता गुणाकाराकडून भागाकाराकडे वळू. तिथला चमत्कार तर याहून भारी आहे. साडेपाच मीटर कापड आहे आणि एका झबल्याला पाऊण मीटर लागतं. झबली किती होतील? साडेपाचला पाऊणने भागायचं. शाळेतला नियम सांगतो, पाऊण म्हणजे ३/४, तो उलटा करून ४/३ ने गुणा. पण उलटा का करायचा? त्यात काय जादू आहे?

साडेपाच मीटर म्हणजे पाव-पाव मीटरचे २२ तुकडे. साडेपाचाचे पाव करणं म्हणजे नोट देऊन सुट्टे घेण्यासारखं आहे. रक्कम तीच, फक्त मोजायला सोपी. पाऊण मीटर म्हणजे असेच ३ तुकडे. मग प्रश्न उरतो एवढाच, की २२ मध्ये ३ किती वेळा? अपूर्णांक गेलाच कुठे! कापडाचे पाव केले तेव्हा आपण ४ ने गुणलं, झबल्यांचे गट केले तेव्हा ३ ने भागलं. ४ ने गुणा आणि ३ ने भागा, म्हणजेच ४/३ ने गुणा. उलट्या अपूर्णांकाचं सगळं रहस्य एवढंच आहे.

उत्तर येतं सात पूर्णांक एक तृतीयांश. भागाकार करूनही उत्तर साडेपाचाहून मोठं आलं, कारण एकापेक्षा लहान मापाने मोजलं, की मापं जास्त भरतात. मग सात झबली झाली आणि उरलं किती कापड? एक तृतीयांश मीटर? थांबा! सात झबल्यांना सव्वापाच मीटर लागलं, म्हणजे साडेपाचातून उरलं पाव मीटर. मग उत्तरातलं १/३ चुकलं का? नाही, तेही अगदी बरोबर आहे. तो एका झबल्याचा एक तृतीयांश आहे. एकच चिंधी, मीटरच्या मापाने १/४ आणि झबल्याच्या मापाने १/३. पुन्हा तोच प्रश्न: कशाचा?

हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढ्यांच्या रोजच्या व्यवहारात मुरलेला होता. जुना रुपया १६ आण्यांचा. तो निम्मा करा, पुन्हा निम्मा करा: ८, ४, २, १. चार वेळा अर्धा केला, तरी आणा अखंड राहतो. शेराचे छटाकही १६. आणि आण्याचे १२ पै असल्यामुळे रुपयाचे १९२ पै होत. म्हणजे रुपयाचे तीन सारखे वाटेही करता येत: प्रत्येकी ५ आणे ४ पै. १ एप्रिल १९५७ रोजी रुपया १०० नव्या पैशांचा झाला. दहाच्या पटीतला हिशेब सोपा झाला, पण शंभराचे तीन सारखे भाग होत नाहीत, आणि निम्मे-निम्मे करत गेलात तर तिसऱ्यांदा साडेबारावर अडता. चार आण्यांचे नेमके २५ पैसे झाले, पण एका आण्याचे? सव्वासहा!

म्हणूनच तेव्हाची मुलं नुसते पूर्ण संख्यांचे पाढे पाठ करून थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, असे अपूर्णांकांचे पाढेही त्यांना तोंडपाठ असत. साडेतीन रुपये शेराने नऊ शेरांचे किती? औटकी येणारा क्षणात सांगे, साडेएकतीस. कागद नाही, पेन्सिल नाही!

पाढे आज मागे पडले असतील, पण अपूर्णांक कुठेही गेलेले नाहीत. चार जणांची पाककृती सहा जणांसाठी करायची, तर सगळं दीडपट. मग पाऊण वाटी साखरेची किती करायची? पाऊणचे सहा अष्टमांश, त्यांची दीडपट नऊ अष्टमांश, म्हणजे एक वाटी आणि वर वाटीचा आठवा भाग. घरातल्या मुलाला असं उदाहरण अडलं, तर त्याला लगेच नियम सांगू नका. आधी विचारा, हा भाग कशाचा आहे? मग विचारा, दोन्ही मापं एकाच लहान तुकड्यात मोजता येतील का? आणि शेवटी विचारा, उरलेला भाग कोणत्या मापातला? या तीन प्रश्नांची उत्तरं त्याला देता आली, की नियम त्याचे त्यालाच सापडतील, आणि असा सापडलेला नियम सहसा विसरला जात नाही.