अर्थशास्त्र शिकायचंय? आधी गणित!

आम्ही उभयता बरीच वर्षं दुबईत आहोत. आमच्या मुलीने इथेच अर्थशास्त्राची पदवी घेतली, मार्कही छान पडले. पुढे पीएच.डी.साठी अर्ज करायला बसली, तेव्हा कळलं की पहिली विचारणा गणिताची! पदवीला तिला गणिताचे जादा विषय घ्यायचे होते. "कशाला मार्क कमी करून घेतेस?" म्हणून आम्हीच अडवलं होतं. चूक आमची.

वाचकहो, अर्थशास्त्राला एवढं गणित कशाला, हा प्रश्न आम्हालाही पडला. तिने तो देरा भागातल्या मासळी बाजारात उलगडून सांगितला. पापलेट महागलं की गिऱ्हाईक सुरमईकडे वळतं, मग सुरमईही चढते. एक भाव हलला की सगळे हलतात. मग सगळ्याच मालाची मागणी आणि पुरवठा एकदम जुळतील, असे भाव असतात तरी का? काही अटी पाळल्या तर असतात, हे केनेथ अ‍ॅरो आणि जेरार्ड डब्रू यांनी १९५४ साली सिद्ध केलं. त्यासाठी त्यांना ‘स्थिर बिंदू’च्या प्रमेयाचा आधार घ्यावा लागला. त्याचं साधं उदाहरण असं: दुबईचा नकाशा दुबईतच जमिनीवर पसरा, त्यातला एक बिंदू बरोबर आपल्या खऱ्या जागेवरच येतो!

इथे नुसती आकडेमोड चालत नाही, सिद्धता लागते. म्हणून कलन, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि त्यावर ‘रिअल अ‍ॅनालिसिस’. जेरुसलेमचे रॉबर्ट ऑमन यांना २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांची पीएच.डी. मात्र गणितातली, गाठींच्या शास्त्रावरची.

मुलीने अर्ज एक वर्ष पुढे ढकलले. दिवसा नोकरी, रात्री जेवणाच्या टेबलावर वही. सुरुवातीला एकेक पान चार-चार दिवस पुरायचं. दोनदा तर पुस्तक मिटून रडली. नातेवाईक फोनवर विचारतात, "अजून वर्ष? मग लग्न कधी?" आम्ही म्हणतो, आधी तिची सिद्धता पुरी होऊ द्या!

आपल्या मुलांना ही वाट धरायची असेल, तर बारावीला कॉमर्स घेतलं तरी गणित सोडू देऊ नका. पदवीचं कॉलेज निवडताना तिथे सिद्धतेचं गणित शिकवतात का, हे विचारा. अबू धाबीत २०१० साली सुरू झालेल्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या शाखेत अर्थशास्त्र आणि गणित दोन्ही आहेत. दोन मार्क कमी पडले तर पडू देत. आम्ही ते वाचवले आणि लेकीचं वर्ष घालवलं.