परेडच्या दिवशी ‘युद्ध नको’ म्हटलं तर?

समजा, येत्या २६ जानेवारीला तुम्ही घाटकोपरहून लोकल पकडून दादरला उतरलात, शिवाजी पार्कवर राज्यपाल मानवंदना घेतात ते संचलन बघायला उभे राहिलात आणि पिशवीतून एक पुठ्ठा काढून छातीशी धरलात. त्यावर दोनच शब्द, ‘युद्ध नको’. घोषणा नाही, काळा झेंडा नाही. तुम्ही कायदा मोडलात का?

सार्वजनिक जागा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा माझ्या पीएचडीचा विषय. ‘म्हणजे नक्की काय?’ असं कुणी विचारलं की मी हाच प्रश्न समोर ठेवते.

आधी शब्दांचं बघू. संविधानाच्या कलम १९ मध्ये बोलण्यावर कोणत्या कारणांनी बंधनं घालता येतात याची यादी आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध वगैरे. युद्धाला विरोध हे काही त्या यादीतलं कारण नाही. मुंबईत याची परीक्षा झालेली आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर आनंद पटवर्धनांनी ‘जंग और अमन’ हा माहितीपट केला. सेन्सॉर बोर्डाने त्यात काटछाट सुचवली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये एकही कट न देता माहितीपट मोकळा झाला. पण माहितीपट बघायला माणूस स्वतःहून जातो. संचलनातले प्रेक्षक तुमचा पुठ्ठा बघायला आलेले नसतात, आणि खरा पेच तिथेच सुरू होतो.

संचलनातला सगळ्यात नाजूक भाग राष्ट्रगीताचा, जेमतेम ५२ सेकंदांचा. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यानुसार राष्ट्रगीत मुद्दाम थांबवणं किंवा ते गाणाऱ्या जमावात गोंधळ घालणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसतं गप्प उभं राहणं मात्र गुन्हा नाही. केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांना धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गायचं नव्हतं. ती आदराने उभी राहायची, गायची नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. तेव्हा पुठ्ठा त्या ५२ सेकंदांपुरता पिशवीतच ठेवा, एवढं सांगते.

आता जागा. शिवाजी पार्कची गंमत अशी की २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवलं आणि लाउडस्पीकरसाठी सुरुवातीला तीनच दिवस मोकळे ठेवले: २६ जानेवारी, १ मे आणि ६ डिसेंबर. (पुढे ही यादी वाढली, तो वेगळा लेख होईल.) म्हणजे सरकारी सोहळ्याच्या आवाजाला तिथे रीतसर जागा आहे. विरोधाचा आवाज मात्र मुंबईत ठरवून आझाद मैदानात नेऊन ठेवलाय. बोरिवलीचं गाऱ्हाणं असो की मुलुंडचं, पोलीस बोट दाखवतात ते तिकडेच.

त्यावर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७. ते वापरून पोलीस आयुक्त पंधरा-पंधरा दिवसांसाठी जमावबंदी लावू शकतात, आणि मुंबईत असे आदेश पुन्हा पुन्हा निघतात. त्यात सहसा ‘पाच किंवा अधिक व्यक्ती’ असं म्हटलेलं असतं. तुम्ही तर एकटे आहात! फलकांवर बंदी घालायची सोयही त्याच कलमात आहे, पण सरसकट नाही. तो फलक सभ्यतेला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाधक आहे असं अधिकाऱ्याचं मत व्हायला हवं. ‘मत’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा.

एकट्याने युद्धविरोध करण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनारमध्ये युद्धाविरुद्ध बोलायला उभे राहिले. वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही. इंग्रजांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे, इतकंच सांगायचं होतं. गांधीजींनी मुद्दामच गर्दी टाळली होती. एकेक माणूस निवडायचा आणि त्याने आधी कळवून बोलायचं. दंगा नाही, धक्काबुक्की नाही, त्यामुळे सरकारला शिक्षा करायची तर निव्वळ शब्दांसाठीच करावी लागली. चार दिवसांत विनोबांना अटक झाली आणि तीन महिन्यांची कैद.

माझ्या मते फरक इथेच आहे. विनोबांना शिक्षा झाली, म्हणून नोंद राहिली. तुमच्या बाबतीत बहुधा शिक्षा होणारच नाही. पोलीस कायद्याची कलमं ६८ आणि ६९ म्हणतात की पोलिसाच्या वाजवी सूचना पाळायला तुम्ही बांधील आहात, नाही पाळल्या तर तो तुम्हाला तिथून हलवू शकतो. एक हवालदार येईल, ‘चला मॅडम, बाजूला या’ म्हणेल, पुठ्ठा काढून घेईल, चौकीत बसवेल. कदाचित चहाही देईल. संचलन संपलं की सोडून देईल. गुन्हा नाही, खटला नाही, निकालही नाही. आम्ही कायद्याचे अभ्यासक निकालपत्रं वाचतो, आणि दुपारपर्यंत घरी पाठवलेल्या माणसाचा निकालपत्रात मागमूस राहत नाही. संचलनात ‘युद्ध नको’ म्हणायचा हक्क न्यायालयाने नाकारला असं म्हणता येत नाही. नाकारायची वेळच येऊ दिली जात नाही.

वेळ येते ती परवानगी मागितल्यावर. २०२५ मध्ये गाझातल्या युद्धाविरुद्ध आझाद मैदानात निदर्शनं करू द्यायला पोलिसांनी नकार दिला. डावे पक्ष उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये खंडपीठाने याचिका फेटाळली, वर आधी आपल्या देशाचे प्रश्न बघा, देशभक्त व्हा, अशा अर्थाचं सुनावलं. ऑगस्टमध्ये पोलिसांनीच परवानगीची तयारी दाखवली आणि २० तारखेला निदर्शनं झाली. मधे १५ ऑगस्ट येऊन गेला. मला यातला नकार तितका खटकत नाही, तो पुढे मागे घेतला गेला. खटकतं ते युद्धविरोध आणि देशभक्ती यांना तराजूच्या दोन पारड्यांत बसवणं, कारण कलम १९ च्या यादीत देशभक्तीची अट कुठेच नाही.

आणि शिवाजी पार्कपर्यंत जायचंच नसेल, तुमच्या सोसायटीच्या झेंडावंदनालाच पुठ्ठा धरायचा असेल तर? तिथे कलम ३७ वाचून दाखवायला सहसा कुणी येत नाही. तिथे सेक्रेटरी काका असतात, लाडू वाटणाऱ्या काकू असतात, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा फोटो असतो. या भागावर माझं एक अख्खं प्रकरण चाललंय. तुमच्या सोसायटीत असं काही घडलं असेल, तर नावगाव न देता खाली जरूर लिहा.