लागलेली मासोळी

“मारली म्हनतो, तं हातात कुठी हाय?”

एका म्हाताऱ्या ढिवरकाकांनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. घुग्घुसजवळच्या वढा गावापाशी वर्धा आणि पैनगंगा एकमेकींना मिळतात. उन्हाळ्यात धार बारीक होते आणि खडकांच्या मधे डोह उरतात. त्या डोहांवर आम्ही पोरे दिवसभर पडून असायचो. सायकलच्या तारा दगडावर घासून, बांबूच्या टोकाला सुतळीने आवळून मी एक भाला केला होता. त्या दिवशी एक मरळ श्वास घ्यायला वर आली आणि मी भाला फेकला. तो लागला. तारा वाकल्या, पाण्यात लालसर रेघ उमटली आणि मरळ कपारीत शिरली. मी “मारली, मारली!” म्हणून ओरडलो. काका जाळे सोडवत बसले होते. त्यांनी मान वर न करता वरचा प्रश्न विचारला.

दोन दिवसांनी ती मरळ काठाला लागलेली दिसली. पाठीवरच्या जखमेभोवती कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती. ती ना माझ्या घरच्या ताटात आली, ना नदीत उरली.

मी मत्स्यशास्त्राचा पदवीधर नाही. शिक्षण बेताचेच झाले. पुढे जे कळले ते जुनी पुस्तके, गॅझेटियरे आणि नदीकाठची माणसे यांच्याकडून. पण काकांच्या त्या प्रश्नाने मला तीस-पस्तीस वर्षे सोडलेले नाही, कारण त्यात मासेमारीचा एक न मोजला जाणारा हिशेब आहे. मत्स्योत्पादनाचे आकडे बनतात ते काठावर आलेल्या, बाजारात तोलल्या गेलेल्या मासळीवरून. भाल्याचा घाव घेऊन निसटलेली मासोळी कुठल्याच वहीत चढत नाही.

आपल्या भागात ढिवर, भोई, केवट यांचे मुख्य साधन जाळे आणि गळ. भाला दुय्यम, पण जुना. भामरागड-एटापल्लीकडचे माडिया गोंड उथळ, नितळ पाण्यात धनुष्यबाणानेही मासे टिपतात. गोंडीत माशाला ‘मीन’ म्हणतात. हा शब्द आपल्या राशीतून ओळखीचा वाटतो, पण तो गोंडीचा आणि तिच्या दक्षिणेकडच्या बहिणींचा घरचा शब्द आहे. अंदमानातले ओंगी आणि जारवा हेही बाणाने मासे मारतात. जिथे पाणी स्वच्छ आणि उथळ, तिथे ही पद्धत जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उपजली.

या साधनाचा मोठा गुण म्हणजे निवड. जाळ्यात काय येईल ते आधी ठरत नाही. बारीक आसाच्या जाळ्यात तर बोटभर पिल्लेही येतात. भालेकरी आधी मासा पाहतो, ओळखतो, त्याचा आकार जोखतो आणि मग हात उचलतो. पाण्यात विष कालवणे, सुरुंगाची दारू फोडणे, हल्ली बॅटरीचा करंट सोडणे, यांच्याशी तर त्याची तुलनाच नको. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. ते डोहातले लहानमोठे सगळेच मारतात. पण भाल्याची ही थोरवी एका अटीवर टिकते: जो मासा लागला, तो हातात आला पाहिजे. समजा, एकाने संध्याकाळी चार मरळी घरी नेल्या आणि दोन जखमी होऊन सुटल्या. घराला चार मिळाल्या, पण नदीने सहा गमावल्या असू शकतात. सुटलेले सगळेच मरतात असे नाही. काही जखमा भरतात. पण भरतील या भरवशावर फेकणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जुगार खेळणे.

मासोळी सुटते का? पहिले कारण डोळ्यांचे. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचा किरण वाकतो. म्हणून मासा असतो त्याहून वर दिसतो. अगदी डोक्यावरून पाहिले तर एक मीटर खोलीवरचा मासा पाऊण मीटरवर असल्यासारखा भासतो. भाला सरळ खाली मारायचा असेल तर त्याने नेम चुकत नाही. तिरके पाहिले की गडबड होते. नजर पाण्याशी ४५ अंशांचा कोन करत असेल आणि मासा एक मीटर खोल असेल, तर नजरेच्या रेषेत मारलेला भाला माशाच्या सुमारे ३७ सेंटीमीटर वरून जातो. मासा दीड फुटावर असला तरी वीतभर चूक होतेच. जाणते लोक हे गणित करत नाहीत. ते ‘दिसतो त्याच्या खाली मार’ एवढेच शिकवतात आणि होता होईल तो माशाच्या डोक्यावर जाऊन उभे राहतात. अर्धवट शिकलेला नेम थोडासा वर लागतो आणि ‘थोडासा वर’ म्हणजे नेमकी पाठीची कड. माझी मरळ तशीच गेली.

दुसरे कारण टोकाचे. गुळगुळीत एकेरी सळई माशात जाते तशीच बाहेर येते. मरळीचे अंग बुळबुळीत, वामीचे तर त्याहून. म्हणून टोक तीन किंवा अधिक काट्यांचे असावे, म्हणजे एक चुकला तरी दुसरा धरतो. आणि काट्यांना उलटे दात असावेत, म्हणजे मासा हिसडा देऊन सुटत नाही. सायकलच्या तारा वाकतात, छत्रीच्या काड्या तुटतात. तुटके टोक अंगात घेऊन मासा फिरत राहतो. फेकायचा भाला असेल तर त्याला दोरी हवी. बाणाने मारणाऱ्यासाठी नियम सोपा आहे: पाणी इतकेच खोल असावे की बाण लागताच आत उतरून मासा हाताने धरता येईल.

तिसरे कारण घाईचे. घाव कल्ल्यामागे, डोक्याच्या जवळ बसला तर मासा जागीच थांबतो. पोटाला बसला तर मांस फाटते आणि मासा जातो. शेपटीला बसला तर नुसताच पांगळा होतो. डोके दिसत नसेल, मासा मुळांच्या किंवा कपारीच्या तोंडाशी असेल, पाणी गढूळ असेल, अंधारून आले असेल, तर हात खाली ठेवावा. आणि मारलाच, पण निसटला, तर पुढच्या माशाकडे वळू नये. आधी तोच शोधावा. हाती आलेला मासा काठावर तडफडत ठेवू नये. जपानी कोळी डोक्यात टोचा घालून मासा तत्काळ मारतात. त्याला ते ‘इके जिमे’ म्हणतात. त्यात करुणा आहे आणि मांसही जास्त वेळ ताजे राहते.

निसटलेल्या माशाचे पुढे काय होते, तेही समजून घ्यायला हवे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत. ते फाटले की पाण्यातली बुरशी आणि जंतू आत शिरतात. १९८८ साली भारतात शिरलेल्या व्रणरोगाने मरळीसारख्या माशांचे फार नुकसान केले. त्याचा जंतू बुरशीसारखा, पाण्यातून पसरणारा आणि जखमी कातडीवर सहज पकड घेणारा. भाल्याने रोग येतो असे मी म्हणत नाही. पण रोगाला दार उघडे मिळते, हे खरे.

मरळीबाबत आणखी एक गोष्ट. तिची तांबूस पिल्ले पाण्यावर झुबक्याने फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. हवेतला श्वास घ्यायला मोठी मरळ अधूनमधून वर येते, पिल्लांमुळे तिचा ठिकाणाही आधीच कळतो. म्हणजे मारायला ती सर्वांत सोपी. नेमक्या याच वेळी तिला मारू नये. राखणदार गेला की बाकीचे मासे त्या झुबक्यावर तुटून पडतात. पहिल्या पुरात नाल्या-बांध्यांत चढणाऱ्या गाभोळीच्या माशांचेही तसेच. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे दोन लाखांहून जास्त अंडी असू शकतात. त्या आठवड्यात एक भाला आवरला तर पुढच्या सालचे जाळे भरते.

घुग्घुसला आता भाला फारसा दिसत नाही. कोळसा, सिमेंट आणि लोखंडाच्या या पट्ट्यात पाण्याचा तळ दिसणेच अवघड, आणि दिसत नाही तिथे मारणे म्हणजे आंधळेपणा. नितळ पाण्याचे नाले आता गडचिरोलीकडे उरलेत. तिथे कायद्याने एक वाट उघडली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क दिला; धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क आला की नियम करण्याची जबाबदारीही येते. कुठल्या डोहात कोणत्या महिन्यात हात लावायचा नाही, पिल्लांवरची मरळ मारायची नाही, लागलेली मासोळी शोधल्याशिवाय घरी जायचे नाही, हे ग्रामसभेच्या वहीत चढू शकते. पहारा कोण करणार, हा प्रश्न उरतोच. भालेकरी बहुधा एकटा असतो. त्याच्या चुकीला साक्षीदार फक्त पाणी.

त्या काकांनी मला तेव्हा रागावले नव्हते. मरळ काठाला लागली त्या दिवशी त्यांनीच मला बोलावून ती दाखवली. मग माझा भाला हातात घेऊन वाकलेल्या तारा एकेक करून उपसून काढल्या आणि नुसता बांबू परत दिला. “आधी उभं राहाले शिक,” म्हणाले, “मंग टोक लाव.” तो उन्हाळाभर मी पाण्यात कमरेइतका उभा राहून मासे नुसते पाहत होतो. ते असतात त्याहून वर दिसतात, हे मला तिथेच पहिल्यांदा कळले. प्रकाशाचा नियम पुस्तकात पुढे कधीतरी वाचला.