पहिल्या पाटाचा मानकरी

प्राचीन जगातला सर्वांत थोर माणूस कोण, हा वाद आपण उकरून काढलेला नाही. त्या काळीही तो रंगत होता. इफिससला कार्थेजचा सेनापती हॅनिबल आणि त्याला हरवणारा रोमन सिपिओ भेटल्याचा इतिहासकार लिव्हीचा किस्सा सर्वश्रुत आहे. श्रेष्ठ सेनापती कोण? हॅनिबल म्हणाला, अलेक्झांडर, मग पिऱ्हस, तिसरा मी. ‘आणि मला हरवलं असतंस तर?’ सिपिओने डिवचलं. तर मग पहिला मीच! भेट खरोखर झाली का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, पण किस्सा फर्मास. पुढे व्यंगकार लूशियनने हेच भांडण पाताळात न्यायाधीश मायनॉसच्या दरबारी नेलं आणि हॅनिबलला तिथेही तिसराच ठेवला.

सीझर, पॉम्पी, ऑगस्टस यांची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. मी तिथे रेंगाळत नाही. अशोकाबद्दल मात्र तक्रार नाही. कलिंगविजयाचा पश्चात्ताप स्वतःच खडकावर कोरून घेणारा दुसरा विजेता दाखवा.

पण माझा पहिला पाट आर्किमिडीजला. सेनापतीभक्त लगेच विचारतात, त्याने काय जिंकलं? त्याचं शहर सिराक्यूज तर पडलंच! पडलं, इ.स.पू. 212 मध्ये, पण त्याआधी त्याच्या यंत्रांनी रोमन सेनापती मार्सेलसची जहाजं उचलून आपटली, आणि रोमनांना हल्ला सोडून नुसता वेढा धरून बसावं लागलं. अखेर शहर गेलं ते आर्टेमिसच्या उत्सवात तटावरचा पहारा ढिला पडला म्हणून. यात यंत्रांचा काय दोष?

तरीही यंत्रं ही त्याची दुय्यम कमाई. 96 बाजूंच्या बहुभुजाकृतीतून त्याने पायची किंमत तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांश आणि तीन पूर्णांक एक सप्तमांश यांच्यामध्ये कोंडली. गोल आणि त्याला नेमकी बसणारी वृत्तचिती यांचं घनफळ, तसंच पृष्ठफळ, 2:3 या प्रमाणात असतं, हे त्याने सिद्ध केलं. ही आकृती त्याच्या थडग्यावर होती, इ.स.पू. 75 मध्ये सिसेरोने काटेरी झुडपांतून ते थडगं शोधलं, तेव्हा खुद्द सिराक्यूजकरांना त्याचा पत्ता नव्हता. एराटोस्थेनिसला लिहिलेल्या ग्रंथात तर तो आकृत्यांचे पातळ काप काल्पनिक तरफेवर तोलून घनफळ काढतो. कलनशास्त्राच्या उंबरठ्यावरचा हा माणूस! त्या ग्रंथाची दहाव्या शतकातली प्रत 1229 मध्ये खरवडून वर प्रार्थना लिहिल्या गेल्या. 1906 मध्ये अभ्यासक हायबर्गने कॉन्स्टँटिनोपलला त्या प्रार्थनांखालची अक्षरं वाचली. 1998 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती पोथी 20 लाख डॉलरला गेली, तेव्हा मी घरात पेढे वाटले होते.

आमच्या तरुणपणी या वादात रात्री सरत. समोरचा प्लुटार्क वाचून आलेला असे आणि तारीख चुकली तर चहाचे पैसे भरी. आता मोबाइलवर बोट टेकवलं की मत पडतं आणि अलेक्झांडर निवडून येतो. आर्किमिडीजच्या वाट्याला उरते ती न्हाणीघरातून उघडं धावण्याची कथा. तीही रोमन लेखक व्हिट्रुव्हियसची, म्हणजे घटनेनंतर जवळपास दोनशे वर्षांनी सांगितलेली. सेनापतीभक्तांनी निदान गोल आणि वृत्तचितीची सिद्धता एकदा कागदावर मांडून पाहावी, मग खुशाल भांडायला यावं. चहा माझ्याकडून.